३६ दिवसांची आशा

८ सप्टेंबर २०२५ रोजी ताजिकिस्तानातील हिसोर येथे भारताच्या फुटबॉल संघाने ओमानला टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांत, ३-२ असे हरवले आणि मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरे स्थान मिळवले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यातील फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर हाच संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकात खेळण्याची त्याची आशा संपली. या दोन तारखांमध्ये ३६ दिवसांचे अंतर आहे. त्या दिवसांत फोंडा तालुक्यातील आमच्या वाड्यावर आशा कशी वाढली, ती कशावर उभी होती आणि ती कोसळल्यावर मुलांचे काय झाले, याची ही नोंद आहे. मी येथे त्रयस्थ नाही. वाड्यावरच्या मुलांना दर रविवारी सकाळी फुटबॉल शिकवणाऱ्या चौघांपैकी मी एक आहे आणि ज्या चुकीबद्दल पुढे लिहिणार आहे, ती चूक करणाऱ्यांतही मी होतो.

आमचा गट लहान आहे. काही नोकरदार, दोन दुकानदार, एक निवृत्त गोलरक्षक ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, आणि आठ ते पंधरा वयाची मुले. घरात मराठी-कोंकणी, पेपर मराठी आणि खेळ फुटबॉल, असे आमच्याकडे पूर्वापार चालत आले आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी या गोव्याच्या फुटबॉलपटूंची नावे आमच्याकडे घरच्या माणसांसारखी घेतली जातात. १९९९ मध्ये फातोर्ड्यावरच भारताने बांगलादेशाला २-० असे हरवून दक्षिण आशियाई देशांचा सॅफ करंडक जिंकला होता. तो सामना पाहिलेली माणसे अजून आमच्या कट्ट्यावर बसतात आणि त्या दिवसाचे वर्णन दर वर्षी थोडे लांबत जाते.

या प्रकरणाआधीचा काळ लक्षात घेतल्याशिवाय ओमानच्या सामन्यानंतरचा आनंद समजणार नाही. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी मनवीर सिंगच्या गोलवर भारताने कुवेतला कुवेतमध्येच १-० असे हरवले, आणि त्यानंतर संघाला पुढचा विजय मिळायला १९ मार्च २०२५ उजाडावा लागला. तोही मालदीववर होता आणि त्यासाठी निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलवावे लागले. एफसी गोवाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी राष्ट्रीय संघाचीही धुरा सांभाळली, त्यामुळे आम्हा गोंयकारांना संघ अधिकच आपला वाटू लागला. पण त्यांच्या ८ सामन्यांत १ विजय, ४ बरोबरी आणि ३ पराभव एवढेच हाती लागले. जून २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये ०-१ असा पराभव झाला आणि जुलैत भारत जागतिक क्रमवारीत १३३ व्या स्थानावर घसरला. दोन वर्षांपूर्वी, जुलै २०२३ मध्ये, हाच संघ ९९ वा होता.

जुलै २०२५ मध्येच इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या करारापायी अधांतरी लटकला आणि क्लबांचे खेळाडू, प्रशिक्षक, मैदान राखणारे कामगार, सगळेच वाट पाहत बसले. ऑगस्टमध्ये खालिद जमील राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. गोव्याच्या सावियो मेदेरांनंतर तेरा वर्षांनी एक भारतीय माणूस या पदावर पूर्णवेळ बसला होता. आमच्या कट्ट्यावर या गोष्टीचे मोल निकालापेक्षाही जास्त होते. आपल्या माणसाला संधी मिळाली म्हणजे निम्मे काम झाले, असे आम्ही बोलूनही दाखवत होतो.

ओमानविरुद्धचा सामना आम्ही वाड्यावरच्या एका घरी पाहिला. अकरा दिवसांच्या गणपतीचे विसर्जन दोनच दिवसांपूर्वी झाले होते. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वरच्या चौकटीला, बांधलेली फळे उतरवून परातीत ठेवलेली होती, त्यातली काही नरम पडली होती, आणि टेबलावर तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलभोवती वीसेक डोकी दाटली होती. ओमान क्रमवारीत भारतापेक्षा पन्नासहून अधिक जागा वर होता आणि भारताने त्याला कधीही हरवले नव्हते. ओमानने आधी गोल केला. ८० व्या मिनिटाला उदांता सिंगने बरोबरी साधली. हा उदांता एफसी गोवाकडून खेळणारा, मुलांनी फातोर्ड्यावर प्रत्यक्ष पाहिलेला. टायब्रेकरमध्ये गुरप्रीत सिंग संधूने शेवटचा फटका अडवला तेव्हा परातीतली फळे जमिनीवर घरंगळली आणि ती उचलायचे कोणालाही सुचले नाही. एका लहान मुलाने मला विचारले, “सर, आता एशियन कपला आपण जाणार ना?” मी म्हटले, “जाणारच.”

तो एक शब्द या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

पुढच्या चार-पाच आठवड्यांत आशेला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी एकापाठोपाठ एक येत गेल्या. एफसी गोवाने ऑगस्टमध्ये ओमानच्याच अल सीब क्लबला २-१ असे हरवून आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीग टूमध्ये प्रवेश मिळवला होता आणि त्यांच्या गटात अल नासर आला होता, म्हणजे रोनाल्डोचा संघ. २२ ऑक्टोबरला अल नासर फातोर्ड्यावर येणार आणि त्याआधी आठ दिवस, त्याच मैदानावर, भारत-सिंगापूर सामना होणार. एकाच महिन्यात दोन सण आल्यासारखे वातावरण होते. रोनाल्डो येणार की नाही याची चर्चा भाजीच्या दुकानातही ऐकू येत होती, आणि ज्यांनी आयुष्यात राष्ट्रीय संघाचा सामना पाहिला नव्हता, असे लोकही त्या ओघात तिकिटांची चौकशी करू लागले. आमच्या मैदानावर मुलांची संख्या वाढली. इतर वर्षी चवथीनंतर आठ-दहा मुले आळसावून घरी राहतात. यंदा शेजारच्या वाड्यावरचीही येऊ लागली. निळे टी-शर्ट शिवून घेण्यात आले, फातोर्ड्याला जायला बस ठरली, आणि पालकांनी कुरकूर न करता पैसे दिले. हे मी आजही वाईट मानत नाही. वर्षानुवर्षे संघ हरताना पाहणाऱ्या माणसाला एका विजयावर जीव टाकावासा वाटतो, आणि त्याच भुकेमुळे आमचे मैदान अजून चालू आहे.

चूक आशा बाळगण्यात नव्हती. ती आम्ही कशावर बेतली, तिथे चूक होती.

या प्रकरणानंतर मी व आप्पांनी बसून जुने निकाल वहीत उतरवले, तेव्हा काही गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली म्हणजे काफा नेशन्स कपमधील ४ सामन्यांपैकी भारताने टायब्रेकरशिवाय जिंकलेला सामना फक्त १ होता, आणि तो यजमान ताजिकिस्तानवरचा २-१ असा होता. इराणकडून ०-३ पराभव, अफगाणिस्तानशी ०-० आणि ओमानशी १-१ अशी उरलेली नोंद आहे. टायब्रेकरवर मिळालेला विजय अधिकृत नोंदीत बरोबरी म्हणून लिहिला जातो. फिफाच्या क्रमवारीच्या सूत्रातही त्याला पूर्ण विजयाचे १ मूल्य मिळत नाही, ०.७५ मिळते. २०२३ चे निकाल काढले तर हेच दिसते. त्या वर्षी बेंगळुरूत सॅफ करंडक जिंकताना भारताने ५ सामन्यांपैकी २ सामने थेट जिंकले होते, पाकिस्तानवर ४-० आणि नेपाळवर २-०. गटातला कुवेतचा सामना १-१ बरोबरीत सुटला, लेबनॉनविरुद्धचा उपांत्य सामना टायब्रेकरवर ४-२ आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना टायब्रेकरवर ५-४ असा जिंकला. प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांच्यावर बंदी असल्याने शेवटच्या दोन सामन्यांत मैदानाच्या कडेला आमचे महेश गवळी उभे होते, म्हणून तो करंडक गोव्यात विशेष साजरा झाला. आप्पा त्या वेळीही म्हणाले होते, “टायब्रेकर जिंकला म्हणजे सामना जिंकला नव्हे रे.” आम्ही त्यांना गोलरक्षकाची खोड म्हणून हसण्यावारी नेले. सबंध आयुष्य गोलच्या दांड्यांमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला टायब्रेकरमध्ये नशिबाचा वाटा किती असतो हे आमच्यापेक्षा नीट ठाऊक होते.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होती. डिसेंबर २०११ मध्ये मेदेरांच्या हाताखाली भारताने दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० असे हरवून सॅफ करंडक जिंकला. तीनच महिन्यांनी काठमांडूतील एएफसी चॅलेंज कपमध्ये तो संघ ताजिकिस्तान, फिलिपिन्स आणि उत्तर कोरियाविरुद्ध तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. जुलै २०२३ मध्ये सॅफ करंडक जिंकून शंभराच्या आत आलेला संघ जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा हरला. तिथेही एकही गोल नाही. २०१९ मध्ये थायलंडवर ४-१ असा मोठा विजय मिळवून आशियाई चषकाची सुरुवात झाली आणि पुढचे दोन्ही सामने हरून संघ गटातच बाद झाला, शेवटचा तर बहारीनच्या भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर. एका यशानंतर लगेच येणारी ही घसरण आम्ही तीनदा पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी तिला त्या वेळच्या प्रशिक्षकाचे, पंचाचे किंवा दुखापतीचे नाव देऊन विसरलो होतो.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट २००८ मध्ये एएफसी चॅलेंज कप भारतात झाला. पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानविरुद्ध गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सने अगदी अखेरीस केलेल्या गोलवर भारत १-० असा जिंकला. अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ असे हरवले, छेत्रीने तीन गोल केले, आणि त्या करंडकाबरोबर २०११ च्या आशियाई चषकाचे तिकीट मिळाले. दोहात भारत तिन्ही सामने हरला, पण बहारीनविरुद्ध २ आणि दक्षिण कोरियाविरुद्ध १ गोल केला. ज्या खेळाडूंनी हे केले ते धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग यांसारख्या गोव्यातील आणि बंगालमधील क्लबांकडून हंगामभर लीग खेळत होते. म्हणजे त्या यशाच्या मागे रोजचा खेळ होता आणि पुढे एक उघडे दार होते. हिसोरच्या तिसऱ्या स्थानाच्या मागे लीगच नव्हती, आणि त्या स्पर्धेतून आशियाई चषकाकडे जाणारा रस्ताही नव्हता. ती निमंत्रित संघ म्हणून खेळलेली वेगळी स्पर्धा होती. तिचे गुण पात्रता फेरीत धरले जाणार नव्हते.

ही माहिती गुप्त नव्हती. सप्टेंबरमध्ये आमच्यापैकी कोणीही आशियाई चषकाच्या पात्रता गटाची गुणतालिका उघडून पाहिली असती, तर भारताकडे २ सामन्यांत १ गुण आहे आणि गटातून फक्त पहिला संघ पुढे जाणार आहे, हे दिसले असते. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाले, भारत १० खेळाडूंनिशी खेळला आणि रहीम अलीने ९० व्या मिनिटाला गोल करून १-१ अशी बरोबरी साधली. आम्ही तोही विजयासारखा साजरा केला. त्या बरोबरीने गुण २ झाले, हाँगकाँगचे त्याच दिवशी ७ झाले, आणि एफसी गोवाचा आमचा आवडता झिंगन फातोर्ड्याच्या सामन्यातून बाद झाला. बचावफळीचा कणा नसताना आपण खेळणार आहोत, हे वाक्य त्या पाच दिवसांत आमच्या गटात कोणीही उच्चारल्याचे मला आठवत नाही. उच्चारले असते तर तो माणूस अपशकुनी ठरला असता, आणि त्याला तसे ठरवणाऱ्यांत मीही असतो.

१४ ऑक्टोबर हा मंगळवार होता. दिवाळीला आठवडाही उरला नव्हता. वाड्यावरच्या मंडपात दिवाळीला जाळायच्या नरकासुराच्या सांगाड्यावर कागद चिकटवण्याचे काम अर्धवट टाकून पोरे बसमध्ये चढली, त्यामुळे अनेकांच्या बोटांवर खळ वाळलेली होती. बोरीच्या पुलाजवळ नेहमीप्रमाणे रांग लागली आणि बसमध्ये मुले घोषणा देत राहिली. स्टेडियमबाहेर रस-ऑम्लेटच्या गाड्यावर आम्ही घाईघाईने खाल्ले. पावसाळा संपला असला तरी हवेत दमटपणा होता आणि नवे टी-शर्ट आत जाईपर्यंतच अंगाला चिकटले होते.

१४ व्या मिनिटाला भारताच्या छांगटेने बॉक्सबाहेरून डाव्या पायाने मारलेला फटका जाळ्यात गेला. त्या क्षणाचे वर्णन मी करणार नाही; जो तिथे होता त्याला ते लागणार नाही. एवढेच लिहितो की आप्पा, जे कधी उभे राहत नाहीत, ते उभे राहिले. त्यानंतर अर्धा तास आम्ही आघाडी मोजत होतो, खेळ पाहत नव्हतो. सिंगापूर मध्यभागातून चेंडू हळूहळू पुढे आणत होता, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा तयार होत होती, आणि आप्पा दोनदा म्हणाले की आपली मधली फळी फार मागे सरकली आहे. मध्यंतराला एक मिनिट असताना, ४४ व्या मिनिटाला, सोंग उई-यंगने बरोबरी साधली. ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. उरलेल्या अर्ध्या तासात भारताने धडपड केली, परंतु गोल झाला नाही. सामना संपल्यावर ज्या मुलाला मी “जाणारच” म्हटले होते, तो माझ्याकडे न पाहता आपल्या बोटांवरची खळ नखाने सोलत बसला होता.

परतीच्या बसमध्ये मोठ्यांनी लगेच हिशेब सुरू केला की अजून दोन सामने बाकी आहेत. हा हिशेब खोटा होता. भारताचे २ गुण होते; दोन्ही सामने जिंकले तरी ८ झाले असते. त्या रात्री हाँगकाँग आणि सिंगापूर दोघांचेही ८ गुण होते आणि त्यांचा आपसातला सामना अजून व्हायचा होता, त्यामुळे दोघांपैकी निदान एकजण ९ वर जाणारच होता. एका चौदा वर्षांच्या मुलीने हे बसमध्येच मोबाईलवर मांडून दाखवले आणि बस शांत झाली. गुणतालिकेचे असे गणित ८ सप्टेंबरलाही करता आले असते, फक्त तेव्हा ते करायची कोणाची तयारी नव्हती.

त्यानंतरच्या दोन रविवारी मैदान जवळजवळ रिकामे होते. दिवाळीचे कारण होतेच, परंतु तेवढेच नव्हते. मी ज्यांच्या घरी गेलो त्यांतल्या एका मुलाने दाराआडून सांगितले की खेळून काय उपयोग, आपण कधीच जिंकत नाही. २२ ऑक्टोबरला अल नासर आला, रोनाल्डो आला नाही, आणि एफसी गोवा १-२ असा हरला. गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने केलेला गोल हा खरे तर आमच्या मुलांना दाखवण्यासारखा होता, पण त्या आठवड्यात त्याच्याबद्दल बोलायलाही कोणी तयार नव्हते. रोनाल्डो न येणे आणि भारत बाद होणे ही दोन दुःखे मुलांच्या मनात एकच झाली होती. दोन्ही बाबतीत मोठ्यांनी वचन दिले होते आणि दोन्ही वेळा ते पाळणे मोठ्यांच्या हातात नव्हते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही चौघे आणि आप्पा बसलो. पराभवाचे खापर जमील यांच्यावर फोडण्याची सूचना आली ती मी मान्य केली नाही, कारण लीगविना बसलेल्या खेळाडूंमधून दोन महिन्यांत संघ उभा करायचा होता आणि मोहन बागानने काफासाठी आपले खेळाडू सोडलेही नव्हते. भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार आणि करारांची रखडपट्टी यांवर राग काढणे रास्त आहे, मात्र त्याने रविवारची मुले परत येणार नव्हती. शेवटी आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यात रकाने आखले: तारीख व ठिकाण, ९० मिनिटांनंतरचा निकाल, टायब्रेकर असल्यास तो वेगळा, कोण खेळू शकला नाही, खेळाडू त्याआधी लीगचे किती सामने खेळून आले होते, आणि शेवटचा, या निकालाने पुढे कोणते दार उघडते. हे रकाने मुलांनीच भरायचे, मोठ्यांनी फक्त माहिती द्यायची. ज्या मुलीने बसमध्ये गणित मांडले होते, तिच्याकडे वही दिली. मी मुलांसमोर उभा राहून सांगितले की “जाणारच” म्हणणे ही माझी चूक होती. मला ते सांगताना जड गेले. मुलांनी ते शांतपणे ऐकले आणि एकाने लगेच विचारले की मग हिसोरच्या सामन्याची नोंद विजय अशी करायची की बरोबरी अशी. यावर बराच वाद झाला. अखेर “१-१, टायब्रेकर ३-२” असे लिहिले गेले आणि आप्पांनी मान हलवली.

१८ नोव्हेंबरला भारत ढाक्यात बांगलादेशविरुद्ध खेळला. शेवटच्या स्थानाची लाज राखण्यापलीकडे त्या सामन्यात काही उरले नव्हते, तरी मुले पाहायला आली. सप्टेंबरएवढी नव्हे, पण आली. ११ व्या मिनिटाला बांगलादेशाने गोल केला आणि सामना ०-१ असा संपला. २००३ नंतर बांगलादेशाने भारताला प्रथमच हरवले. त्याच दिवशी सिंगापूरने हाँगकाँगला २-१ असे हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. मुलीने वही उघडली, निकाल लिहिला, अनुपस्थित खेळाडूंचा रकाना भरला आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबली. “सर, इथे काय लिहू?” मी म्हटले, रिकामा ठेव. तिने तिथे एक आडवी रेघ मारली.

पुढच्या रविवारी वही मैदानावर आली तेव्हा मी पान उलटून पाहिले. मार्चमधल्या हाँगकाँगविरुद्धच्या सामन्यासाठी तिने पट्टी घेऊन रकाने आधीच आखून ठेवले होते.